वाचकांचे प्रश्न : विकासक दिवाळखोरीत गेला, आता आमच्या घराचे काय?

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे एकाच दुखण्याची आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना मंजूर झाली, माणसे घराबाहेर पडली, इमारत अर्ध्यावर आली आणि विकासकाकडचा पैसा संपला. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर देत आहे, कारण मुंबईत हीच वेळ आलेल्या असंख्य वस्त्या आहेत आणि त्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा ऐकीव असतो.

प्रश्न : आम्ही भांडुप पश्चिमेच्या टेकडीवरील एका वस्तीतील २१० कुटुंबे आहोत. आमच्या संस्थेने २०१४ मध्ये विकासक नेमला आणि २०१६ मध्ये आम्ही झोपड्या रिकाम्या करून दिल्या. पुनर्वसनाच्या चौदा मजली इमारतीचे सात स्लॅब टाकून झाले आणि २०१९ मध्ये काम थांबले. २०२० पासून भाड्याचे धनादेश वटत नाहीत. आता कंपनीला कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेने तिच्याविरुद्ध राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात अर्ज केल्याचे समजते. कमिटीतील काही जण म्हणतात की आता कोणालाच काही करता येणार नाही. दुसरे काही जण नवा बिल्डर आणतो असे सांगून कोऱ्या संमतिपत्रांवर सह्या घेत फिरत आहेत. आमची घरे गेली असे समजायचे का?
— एक सभासद, भांडुप

उत्तर : नाही, तसे समजू नका. तुमचा हक्क विकासकाच्या मेहेरबानीतून आलेला नाही. तो १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्यातून, मंजूर योजनेतून आणि परिशिष्ट-२ मधील, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीतील, तुमच्या नावातून आलेला आहे. विकासक बदलला किंवा कंपनी बुडाली म्हणून परिशिष्ट-२ मधील नाव पुसले जात नाही. प्रत्येक सभासदाने त्या यादीची आणि आशयपत्राची, म्हणजे योजनेच्या मंजुरीच्या पत्राची, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडून मिळवलेली प्रमाणित प्रत आपल्याजवळ ठेवावी. कमिटीच्या कपाटातील प्रतीवर विसंबून राहू नये.

काम का थांबते हे नीट समजले, तर पुढचा मार्गही कळेल. १९९५ पासून चालत आलेल्या या योजनेत सरकार तुमच्या इमारतीसाठी पैसे देत नाही. विकासकाने तुम्हाला मोफत घर बांधून द्यायचे आणि त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या चटईक्षेत्रावर विक्रीची इमारत उभारून खर्च आणि नफा वसूल करायचा, असा हा व्यवहार आहे. म्हणजे आधी पाच-सात वर्षे केवळ खर्च होतो, भाडी द्यावी लागतात, कर्जाचे व्याज चढत राहते आणि पैसा हाती येतो तो शेवटी. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कोसळल्यावर बिगर-बँक वित्तसंस्थांनी बांधकामांची कर्जे आखडली, आणि २०१९ मध्ये डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी आणि एचडीआयएल ही बांधकाम करणारी, या दोन्ही कंपन्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या. उसन्या पैशावर चाललेली कामे त्यानंतर ठिकठिकाणी थांबली. बाजाराची मंदी विकासकाच्या हाती नसते, हे मान्य आहे. पण ज्याच्या गाठीला पायापुरताही पैसा नाही त्याच्या हवाली शेकडो कुटुंबांची घरे पाडण्यासाठी करणे, हा दोष मंदीचा नाही, देखरेखीचा आहे. विकासकाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरावे आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश द्यावेत, अशी अट प्राधिकरणाने २०२३ मध्ये घातली. ती तुमच्या झोपड्या पाडण्यापूर्वी असायला हवी होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या पत्रात अर्ज ‘केला आहे’ असे म्हटले आहे. तो ‘दाखल करून घेतला आहे’ का, हे आजच्या आज तपासा, कारण पुढचे पुष्कळसे या एका तारखेवर ठरते. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ प्रमाणे स्थगिती लागू होते. त्यानंतर कंपनीविरुद्ध नवे दावे करता येत नाहीत आणि कंपनीच्या ताब्यातील मालमत्ताही परत घेता येत नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील, म्हणजे पत्राचाळीतील ६७२ भाडेकरूंना याचा फटका कसा बसला ते पाहा. तेथील करार २००८ चा होता. विकासक कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि म्हाडाने करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली ती त्यानंतर, जानेवारी २०१८ मध्ये. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जमीन म्हाडाच्या मालकीची असली तरी कंपनीने ती प्रत्यक्ष व्यापलेली आहे, म्हणून स्थगिती असेपर्यंत म्हाडाला ती परत घेता येणार नाही. उरलेले काम म्हाडाने स्वतः सुरू केले, पण त्याला २०२२ उजाडले. नोटीस काही महिने आधी गेली असती तर, हा विचार त्या भाडेकरूंच्या मनात किती वेळा आला असेल!

अर्ज अजून दाखल करून घेतलेला नसेल, तर एक आठवडाही वाया घालवू नका. झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली, विकासकाने ठरलेल्या मुदतीत काम केले नाही तर प्राधिकरणाला त्याचे म्हणणे ऐकून घेऊन ते काम दुसऱ्या यंत्रणेकडे सोपवता येते. संस्थेने विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, तिचे चित्रीकरण करावे, ठराव करावा आणि तो अर्जासह मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. अर्जात भावनेपेक्षा तारखा असू द्या : आशयपत्र केव्हाचे, प्रारंभ प्रमाणपत्र केव्हाचे, शेवटचा स्लॅब केव्हा टाकला, भाडे कोणत्या महिन्यापर्यंत मिळाले. बोरिवलीच्या हरिहर कृपा संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अशाच दीर्घ विलंबासाठी विकासकाला दूर करण्याचा निर्णय कायम ठेवला. काम वेळेत होते की नाही हे पाहणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, हेही न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. या निकालाची प्रत अर्जाला जरूर जोडा.

अर्ज दाखल करून घेतलेला असेल, तर मार्ग अवघड होतो, बंद होत नाही. अशा वेळी कंपनीचा कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या निराकरण व्यावसायिकाच्या हाती जातो. जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत संस्थेने त्याच्याकडे थकीत भाड्याचा दावा दाखल करावा. येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. घर विकत घेणाऱ्याला २०१८ पासून संहितेने वित्तीय धनकोचा, म्हणजे कंपनीला कर्ज देणाऱ्याचा, दर्जा दिला आणि धनकोंच्या समितीत मतही दिले. झोपडीधारकाने पैसे दिलेले नाहीत, केवळ राहते घर दिले आहे, म्हणून त्याला ते मत नाही. मला हे अत्यंत अन्यायाचे वाटते. तरीही तुमच्या हाती एक भक्कम गोष्ट आहे. विक्रीचे चटईक्षेत्र पुनर्वसनाच्या बांधकामातून जन्माला येते आणि त्याच्या परवानग्या तुमच्या इमारतीच्या प्रगतीशी बांधलेल्या असतात. तुमची इमारत बाजूला ठेवून त्या कंपनीची किंमत कोणालाच करता येत नाही. म्हणून दिवाळखोरीच्या कामाची माहिती असलेला वकील नेमा आणि पुनर्वसनाची इमारत आधी, थकीत भाडे ठरलेल्या हप्त्यांनी, हे निराकरण आराखड्यात, म्हणजे कंपनी सावरण्याच्या योजनेत, लिहून घेण्यासाठी संस्थेमार्फत न्यायाधिकरणात अर्ज करा. प्राधिकरणालाही त्यात बाजू मांडायला लावा. कलम १३(२) ची कारवाई स्थगितीत चालेल की नाही, हे जागेचा ताबा कोणाकडे आहे आणि आदेश कोणत्या तारखेचा आहे यावर अवलंबून राहील. त्याबाबत वकिलाकडून लेखी मत घ्या.

भाड्याच्या धनादेशांबद्दल थोडक्यात सांगतो. न वटलेल्या धनादेशाची नोटीस बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते, त्यामुळे २०२० च्या धनादेशांवर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ ची तक्रार आता टिकणार नाही. रक्कम मात्र दाव्यात धरता येईल, म्हणून पासबुकाची ती पाने आणि बँकेचे मेमो जपून ठेवा.

कोऱ्या संमतिपत्रावर सही करू नका. पहिल्या विकासकाला घाईने सही दिल्याची किंमत तुम्ही आजही दर अकरा महिन्यांनी नवी खोली शोधून मोजत आहात. नव्याला विचारा : पैसा कोणाचा आहे, मंजुरीचे पत्र कोठे आहे, यापूर्वी कोणती पुनर्वसन इमारत भोगवटा प्रमाणपत्रासह पूर्ण केली? त्या इमारतीत जाऊन रहिवाशांशी बोला. २०२२ च्या अभय योजनेने विकासकाला कर्ज देणाऱ्या मान्यताप्राप्त वित्तसंस्थांनाच रखडलेली कामे हाती घेण्याची वाट मोकळी केली. पुढे राज्य शासनाने २२८ रखडलेल्या योजना म्हाडा, महापालिका, एमएमआरडीए, सिडको अशा संस्थांच्या भागीदारीतून पूर्ण करण्याचे ठरवले. तुमची योजना त्या यादीत आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. नवा विकासक कोणीही येवो, मागच्या भाड्याची जबाबदारी कोणाची, हे नेमणुकीच्या आदेशातच लिहिलेले असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण मला ती राहून राहून आठवते. गेल्या पावसाळ्यात मी उपनगरातील अशाच एका सांगाड्यात चढलो होतो. पाचव्या मजल्याच्या वर खांबांच्या सळ्या उघड्या होत्या आणि त्यांवरचा गंज बोटाने ओढला की पापुद्र्यासारखा सुटत होता. लिफ्टच्या खड्ड्यात कमरेइतके पाणी साचले होते. सोबतच्या आजींनी चौथ्या मजल्यावरचा एक कोपरा दाखवला आणि म्हणाल्या, “इथं माझं स्वयंपाकघर येणार होतं.” इतकी वर्षे पाण्यापावसात उभ्या राहिलेल्या सात स्लॅबवर आणखी सात मजले चढवण्यापूर्वी काँक्रीटचे कोअर काढून आणि सळ्यांचा गंज मोजून बांधकामाची तपासणी व्हायलाच हवी, आणि तिचा अहवाल संस्थेच्या हाती आला पाहिजे. नवा विकासक ‘वरून प्लास्टर करून देतो’ म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : मी झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील विक्रीच्या इमारतीत घर घेतले. कर्जाचे हप्ते चालू आहेत, काम बंद आहे. झोपडीधारकांच्या भांडणामुळे आमचे अडले, असे बिल्डर सांगतो.
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : आपला प्रकल्प महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला असणार. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे आपण व्याजासह परतावा मागू शकता, किंवा घर हवेच असेल तर विलंबाचे व्याज मागू शकता. नोंदणीच रद्द झाली, तर कलम ८ प्रमाणे उरलेले काम पुरे करण्याचा पहिला हक्क खरेदीदारांच्या संघटनेला आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली तर घर खरेदीदारांसाठीच्या नमुन्यात, सीए या अर्जात, दावा वेळेवर भरा. रखडलेल्या प्रकल्पांसाठी २०१९ मध्ये उभारलेल्या ‘स्वामीह’ निधीत नवे अर्ज घेतले जात असतील, तर त्याचेही दार ठोठावता येते. मात्र तेथे अर्ज प्रकल्पाचा असावा लागतो, एकट्या खरेदीदाराचा नाही.

बिल्डरच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी शेजारच्या पुनर्वसन इमारतीतील संस्थेच्या सचिवांना भेटा. त्यांची इमारत पुढे सरकल्याशिवाय आपल्या इमारतीची परवानगी सुटत नाही, तेव्हा आपण आणि ते एकाच बाजूला आहात. खरेदीदार आणि झोपडीधारक यांनी मिळून प्राधिकरणाकडे एकच अर्ज दिला, तर त्याचे वजन दोन वेगळ्या अर्जांपेक्षा निश्चितच अधिक पडते.

प्रश्न : परिशिष्ट-२ मध्ये वडिलांचे नाव होते. भाड्याच्या खोलीत असतानाच ते गेले. घर आमच्या आईला मिळेल का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : आपल्या वडिलांना स्वतःच्या घराचे दार उघडता आले नाही, याचे फार वाईट वाटले. पात्रता त्यांच्याबरोबर संपत नाही, ती वारसांकडे येते. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची आईच्या नावे हरकत नसल्याची पत्रे घेऊन सक्षम प्राधिकाऱ्यांकडे नाव बदलण्याचा अर्ज करा. कोणाची हरकत असेल तर न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र लागेल. संस्थेलाही लेखी कळवून सभासदत्व आईच्या नावे करून घ्या. इमारत पूर्ण होण्याची वाट पाहू नका, कारण घरांची सोडत निघते तेव्हा यादीत जे नाव असेल त्याच नावाची चिठ्ठी निघते.