दारुहळदीचे दोन रेणू

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पेट्रीडिशची छायाचित्रे पाहिली. दारुहळदीच्या अर्काभोवतीचे, जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ पाहून तुला झालेला आनंद मी समजू शकतो, पण त्या वर्तुळाच्या व्यासावर प्रबंध उभा करू नकोस, हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. वर्तुळाचा आकार जितका अर्काच्या शक्तीवर, तितकाच तो अर्क अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, किती पसरतो यावर ठरतो. तेलकट घटक जागीच अडकतात आणि प्रभावी असूनही दुबळे दिसतात. त्यामुळे दोन वनस्पतींचे मिलिमीटर शेजारी शेजारी मांडून तुलना करता येत नाही.

त्याऐवजी ९६ खळग्यांची प्लेट घे, प्रत्येक पुढच्या खळग्यात अर्काची संहती निम्मी कर आणि जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी संहती, म्हणजे एमआयसी, शोध. दुसऱ्या दिवशी सकाळी रेझाझुरिन हा निळा रंग घातल्यावर जिवंत जिवाणूंचे खळगे गुलाबी होतात आणि वाढ थांबलेले निळेच राहतात. मात्र दारुहळदीतला मुख्य जिवाणूरोधक रेणू, बर्बेरिन, स्वतःच गडद पिवळा असल्याने हा रंग वाचताना डोळा फसतो, म्हणून जिवाणूंविना केवळ अर्काचे खळगे ठेवायलाच हवेत. जिवाणू आणि केवळ विद्रावक, म्हणजे अर्क ज्यात विरघळवला तो द्रव, असलेलेही ठेव. माझ्या पहिल्या वर्षी मी ते ठेवले नव्हते. जिवाणू मिथेनॉल या विद्रावकाने मरत होते आणि मी श्रेय पानांना देत होतो. तीन महिन्यांचे काम टाकून द्यावे लागले.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या पेशीपटलात नॉर-ए नावाचा पंप असतो, जो आत शिरलेले बर्बेरिन, तसेच सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविकही, बाहेर उपसून टाकतो. म्हणूनच शुद्ध बर्बेरिन एकटे फारसे प्रभावी ठरत नाही. २००० साली अमेरिकेत स्टर्मिट्झ, लुईस आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बर्बेरिस कुळातील काही वनस्पती ५′-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन हा दुसरा रेणूही तयार करतात. हा रेणू स्वतः जिवाणू मारत नाही. तो नॉर-ए पंप रोखतो आणि बर्बेरिनला आत टिकू देतो. मला हे आजही विलक्षण वाटते, कारण केवळ मारक रेणू शोधणाऱ्याने हा साथीदार निष्क्रिय म्हणून फेकून दिला असता. मिऱ्यातील पिपेरिनही हाच पंप रोखते, हे जम्मूच्या संशोधकांनी २००६ साली सिप्रोफ्लॉक्सॅसिनसोबत तपासून मांडले. तेच पिपेरिन आपल्या शरीरातील, पेशींमधून औषधे बाहेर टाकणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीन पंपालाही रोखते, त्यामुळे सोबतच्या औषधांची रक्तातील पातळी बदलू शकते, हेही लक्षात ठेव.

तुझा नमुना काष्ठौषधीच्या दुकानातला आहे, याची मला काळजी वाटते. दारुहळद म्हणून हिमालयातील बर्बेरिस अरिस्टाटाऐवजी दक्षिणेकडील कोसिनियम फेनेस्ट्रेटमही विकले जाते. दोन्हींत बर्बेरिन असल्याने रंग सारखाच दिसतो, पण सोबतचे रेणू सारखे असतीलच असे नाही, आणि तुझा प्रश्न तर नेमका त्या सोबतच्या रेणूंचा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतून काडीची ओळख पटवून घे आणि तोवर नवा अर्क काढू नकोस.

ओळख पटली की अर्क एका अक्षावर आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुसऱ्या अक्षावर घेऊन बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी कर. दोघांच्या अंशात्मक संहतींची (मिश्रणातील एमआयसी भागिले एकट्याची एमआयसी) बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी आली, तरच त्यांना एकमेकांस पूरक म्हण. तोच प्रयोग ई. कोलाय या जिवाणूवरही कर, पण तिथे बाहेरचे आणखी एक पटल आणि वेगळे पंप असल्याने निकाल निराळा आला तर तो लपवू नकोस. स्वतंत्र तक्त्यात मांड आणि तो तक्ता मला आधी पाठव.

तुझा,
सर