फोनला सेन्सर लावला आणि लोकेशन शेजारच्या बागेत गेलं

प्रश्न : भाऊ, मी रावेर तालुक्यातला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्या केळीत ओल कुठे कमी कुठे जास्त याचा नकाशा काढायचा म्हणून फोनच्या मागच्या कव्हरमध्ये एक छोटा बोर्ड बसवलाय, त्याला मातीच्या ओलाव्याचा आणि तापमानाचा सेन्सर, करंट फोनच्याच ओटीजीतून (चार्जिंगच्या पोर्टातून). घरी एकदम ओके चालतं, पण बागेत गेलं की पॉइंट वीस-पंचवीस मीटर उड्या मारतात, निम्मी रीडिंगं शेजारच्यांच्या कांदेबागेत दिसतात. मित्र म्हणतो फोनच बदल. बाहेरून काही जोडलं की जीपीएस बिघडतंच का?

उत्तर : बिघडतंच असं नाही, आणि फोन बदलायची तर अजिबात घाई करू नका. आधी एक गोष्ट, घरी ओके चालतं म्हणजे घरी जीपीएस चांगलं चालतंय असं नाही बरं का. घरी फोन आजूबाजूचे वायफाय आणि टॉवर बघून लोकेशन काढतो, बागेत वायफाय कुठलं, तिथे सगळा भार उपग्रहावर आणि तिथेच पितळ उघडं पडतं.

उपग्रह आहेत साधारण २०,२०० किलोमीटर वर, तिथून फोनपर्यंत सिग्नल येतो तेव्हा एका वॅटचे एकावर सोळा शून्य इतके भाग केले तर त्यातला एखाद-दीड भाग हाती लागतो. रिसिव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही तो खाली असतो, कोड जुळवून तो वर काढावा लागतो. म्हणजे सारंगखेड्याच्या जत्रेत भोंगे चालू असताना तापीच्या पलीकडून कोणी हळूच हाक मारावी तसलं काम आहे ते. तुमचा बोर्ड त्या फोनला चिकटून बसलाय, त्याने जराशी कुरकुर केली तरी पुरे.

आता बोर्डामुळे दोन वेगवेगळे त्रास होऊ शकतात आणि लोक हे दोन्ही एकत्र करून टाकतात. एक म्हणजे नुसतं धातू जवळ आल्यामुळे अँटेनाचं ट्यूनिंग सरकतं किंवा तो झाकला जातो, यात बोर्ड बंद असला तरी त्रास होतो. दुसरा म्हणजे बोर्ड चालू झाला की त्यातून निघणारा नॉइज, म्हणजे रेडिओ लहरींची खरखर. कुठला आहे ते ओळखल्याशिवाय नॉइज अडवायला तांब्याची टेप आणि फेराइटचे मणी आणून काही उपयोग नाही.

ओळखायचं असं. जीपीएसटेस्ट नावाचं अ‍ॅप टाका, त्यात प्रत्येक उपग्रहाच्या पुढे सिग्नल खरखरीच्या मानाने किती ताकदीचा आहे तो आकडा डीबी-हर्ट्झमध्ये दिसतो, मोकळ्या आभाळाखाली चांगल्या उपग्रहांना ३५ ते ४५ पर्यंत मिळायला हवा. बागेत नाही, बांधावर मोकळ्यात फोन एकाच जागी ठेवा, केळीची पानं पाण्याने भरलेली असतात, ओली असली की सिग्नल अजूनच खातात, मग दोष पानांचा की बोर्डाचा ते कळणार नाही. आधी नुसता फोन, मग बोर्ड बसवून पण करंट न देता, मग चालू करून, आणि हे आलटून-पालटून दोन-चारदा करा कारण उपग्रह सरकत असतात. वरच्या चार-पाच उपग्रहांचे आकडे लिहून घ्या. नुसता बसवल्यावर पडले तर धातूचा दोष, चालू केल्यावर पडले तर नॉइज. ३ डीबी पडले म्हणजे ताकद निम्मी झाली, हे लक्षात असू द्या.

धातूचा निघाला तर सोपं आहे. त्याच अ‍ॅपवर नजर ठेवून फोनची एकेक कड हाताने झाका, जिथे आकडे धाडकन पडतील तिथे अँटेना, बहुतेक फोनमध्ये वरच्या बाजूला सापडेल, बोर्ड तिथून खाली सरकवा.

तुमचं वर्णन वाचून मला मात्र नॉइजचा संशय जास्त येतोय. जीपीएसची मुख्य एल१ फ्रिक्वेन्सी १५७५.४२ मेगाहर्ट्झ. बोर्डवर एवढं फास्ट काहीच चालत नाही असं वाटेल, पण चौकोनी पल्समधून तिच्या फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरीही निघतात आणि त्या पटी खूप वरपर्यंत जातात. एसडी कार्डाची एसपीआय लाइन (डेटा नेणारी-आणणारी) ८ मेगाहर्ट्झवर चालवली असेल तर तिची १९७ वी पट बरोबर १५७६ वर येते, म्हणजे थेट एल१ च्या पट्ट्यात! १० वर चालवली तर पटी १५७० आणि १५८० ला पडतात, मधला पट्टा वाचतो. कोडमध्ये एक आकडा बदलून बघायला पैसे लागत नाहीत. एल५, म्हणजे काही फोन वापरतात ती जीपीएसची दुसरी फ्रिक्वेन्सी, तिचा पट्टा मात्र इतका रुंद आहे की तिथे असं चुकवता येत नाही.

शिवाय करंट झपाट्याने चालू-बंद करत व्होल्टेज कमी करणारं छोटं मॉड्यूल (बक कन्व्हर्टर) असेल तर ते फार घाण करतं, त्याच्या जागी साधा लिनिअर रेग्युलेटर लावा. आणि वायरी! एल१ ची लहर १९ सेंटीमीटर लांब, बाजारातली जंपर वायर १० किंवा २०, म्हणजे जवळपास अर्धी किंवा पूर्ण लहर, तुम्ही नकळत नॉइज फेकणारा अँटेनाच लावून ठेवलाय. वायरी आखूड करा, पिळून घ्या. केबलवर बसवायचा फेराइटचा मणी काहीशे मेगाहर्ट्झपर्यंत बरा, दीड हजाराला त्याचा फार भरवसा धरू नका.

खरं सांगू का, मी असतो तर बोर्ड फोनवर ठेवलाच नसता. ओलाव्याचा सेन्सर तसाही मातीत खुपसायचा आहे, मग त्याच काठीच्या वरच्या टोकाला बोर्ड आणि छोटी बॅटरी लावा, रीडिंग ब्लूटूथने फोनवर घ्या. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झला, एल१ पासून लांब, आणि फोन बनवणाऱ्यांनी ते दोन्ही शेजारी चालतील अशी सोय आधीच केलेली असते. सेन्सरला सतत करंटही नको, आधी लोकेशन स्थिर होऊ द्या, मग क्षणभर सेन्सर चालू करून रीडिंग घ्या आणि बंद. एवढं करूनही दाट बागेत थोडं सरकणारच, तिथे दोन ओळींच्या मधून जिथे आभाळ दिसतं तिथूनच पॉइंट घ्यावा.

प्रश्न : मी धुळ्याची, डिलिव्हरीचं काम करते. गाडीवर फोन धरायला मॅग्नेटवाला होल्डर घेतला, फोनच्या मागे लोखंडी पत्रा चिकटवलाय. तेव्हापासून मॅपमधला बाण उलटा फिरतो. जीपीएस गेलं का?

उत्तर : नाही ताई, जीपीएसला चुंबकाशी काही देणंघेणं नाही. गोंधळलाय तो होकायंत्राचा सेन्सर, उभं असताना फोन दिशा त्याच्यावरून ठरवतो. गाडी चालू लागली की बाण सरळ होतो ना? मग तेच. फक्त पत्रा वरच्या अँटेनावर येत नाही ना एवढं बघा, नाहीतर क्लॅम्पवाला होल्डर घ्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर तोच बरा टिकतो.

प्रश्न : नाविक (भारताची स्वतःची उपग्रह प्रणाली) चालणारा फोन घेतला तर बाहेरच्या सेन्सरचा त्रास कमी होईल का? (वाचक, शहादा)

उत्तर : उपग्रह वाढतात, तेवढा फायदा नक्की. पण नाविकचा एल५ सिग्नल ११७६.४५ मेगाहर्ट्झवर आहे, जीपीएसचा एल५ पण तिथेच, त्यामुळे तुमचा बोर्ड तिथे नॉइज करत असेल तर दोघांनाही सारखाच मार बसेल. आधी वरची बांधावरची टेस्ट करा, फोनचं नंतर बघू.