आधी घराला कुंपण

चिरंजीवास आत्याचे अनेक आशीर्वाद.

कॅरॅव्हॅन पार्क, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या मुक्कामाला लावायची जागा, काढायला खर्च किती येतो, असं तू फोनवर विचारलंस. त्याचा अंदाज खानापुरातला कुठलाही चांगला कंत्राटदार जागा बघून सांगेल. तो जे सांगणार नाही ते मी लिहिते. परक्या लोकांच्या गाड्या आपल्या परड्यात रात्रभर उभ्या राहायला लागल्या की घर कसं चालतं, किंवा चालत नाही, ते. आमच्या घरानं हे सासू-सासऱ्यांसकट आणि शाळेत जाणाऱ्या पोरांसकट केलंय. पत्र लांबलं तरी पुरतं वाच.

पहिली गोष्ट हंगामाची. पाहुण्यांचा हंगाम आणि शेताचा हंगाम आपल्याकडं एकमेकांवर चढतात. नोव्हेंबर-डिसेंबरात भाताची सुगी असते आणि त्याच सुमाराला चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला उतरणाऱ्यांची गर्दी सुरू होते. मार्चपासून काजू पडायला लागतो. मे महिन्यात काजू, आंबा, फणस आणि पुण्या-बेंगळुरूच्या शाळांची सुट्टी हे सगळं एकदम येतं. पोरांची दहावीची परीक्षाही मार्च-एप्रिलात. जून ते सप्टेंबर तुमच्या वरच्या अंगाला, जांबोटी-कणकुंबीकडं, असा पाऊस लागतो की जड गाडी रस्ता सोडून शिवारात घालायचं नाव काढू नये. त्यामुळं ‘शेतीला जोडधंदा’ असं जे तू म्हणतोस, ते शेताचे रिकामे दिवस भरून काढणारं काम नाही. माणसं सगळ्यात दमलेली असतात तेव्हाच हे काम येतं. हे धरून गडी-बायांची मजुरी आधीच हिशेबात घाल.

आता जागेचं. हे थोडक्यात सांगते, कारण यात तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. तांबड्या मातीवर नुसता मुरूम टाकून भागत नाही. खाली दगडाची सोलिंग, वर खडी आणि पाणी निघून जाईल एवढाच उतार पाहिजे. वाट एका तोंडानं आत आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर ठेव. सात मीटरची गाडी अंधारात मागं घेताना आजवर कुणी खुशीत असलेलं मी बघितलेलं नाही. फणसाखाली गाडी लावू देऊ नकोस, सावली कितीही चांगली असली तरी. दोन गाड्यांत मोकळी जागा ठेव. ब्रिटनमध्ये आगीच्या भीतीनं ६ मीटर अंतर ठेवायची रीत आहे आणि प्रत्येक गाडीत गॅसची टाकी असते हे लक्षात घेतलं तर ती बरोबर आहे. प्रत्येक जागेला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. त्यात काटकसर नको, ओल्या जमिनीवर अनवाणी पोरं फिरतात. घरच्या मीटरवरून वायर ओढून दिवस काढू म्हणशील, तर दोन गाड्यांनी एसी लावला की तुझ्या आईचा मिक्सर बंद पडेल.

घाण पाण्याचं मात्र जरा सविस्तर लिहिते. आपला जांभा दगड भोकाभोकांचा. त्यातून पाणी गाळून न निघता सरळ खाली जातं. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब पाहिजे, जांभ्यात त्याहूनही जास्त, आणि तोही विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूला. तुमच्या परड्यातली जुनी विहीर खालच्या अंगाला आहे, म्हणजे गाड्यांची जागा तू नकाशावर जिथं दाखवलीस तिथं होणारच नाही. गाडीतल्या टॉयलेटच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मैल्याच्या काढत्या-घालत्या टाकीत, काही लोक जे निळं औषध घालतात, त्यातली काही औषधं सेप्टिक टँकमधले जंतूच मारतात. मग मैला कुजत नाही, नुसता साठतो. म्हणून कॅसेट रिकामी करायला वेगळा टँक बांध आणि कुठलं औषध चालतं ते बुकिंगच्या वेळीच सांग. त्या विहिरीचं पाणी तुझी आजी अजून पिते.

यापुढचं माझं मुख्य सांगणं आहे.

गाड्यांची जागा आणि घर यांच्यामध्ये जांभ्याची भिंत घाल, माणसाच्या छातीएवढी, आणि पाहुण्यांचं फाटक वेगळं ठेव. दादाला हे आवडणार नाही. ‘आपलं घर म्हणजे सगळ्यांचं’ हे त्याचं बोलणं मी लहानपणापासून ऐकत आले आणि त्याच्या जिव्हाळ्याबद्दल मला शंका नाही. पण पाव्हणा आणि गिऱ्हाईक यांत फरक असतो. पाव्हणा आपल्या घरचं दुखणं-खुपणं बघून वागतो. गिऱ्हाइकानं पैसे मोजलेले असतात, आणि त्याला आपल्या घरात काय चाललंय हे कळायचं कारणही नाही. भिंत नसली की लोक सोप्यापर्यंत येतात, चुलीचे फोटो काढतात, न्हाणीघराच्या बाजूनं फिरतात. कॉलेजातून आलेली पोरगी आपल्याच अंगणातून ओढणी सारखी करत आत जाते. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं. आणि घरातल्या माणसांना मोठ्यानं बोलायला, रुसायला, रडायला जागाच उरत नाही. नवरा-बायकोला भांडायलासुद्धा चार भिंती लागतात रे. दिवसभर हसऱ्या तोंडानं वावरलेल्या माणसाला रात्री तोंड पाडून बसता आलं पाहिजे.

स्वयंपाकघरही वेगळं. घरच्या चुलीवर पाहुण्यांचा स्वयंपाक चालू झाला की घरचं जेवण सगळ्यात शेवटी होतं, आणि ज्या बाईनं केलं तिचं त्याहूनही शेवटी. श्रावणात पाहुण्यांना मटण हवं असतं, तुझ्या आजीला ते घरात चालत नाही. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून चूल वेगळी पाहिजे. पत्र्याची शेड चालेल. गावातल्या दोन बाया रोजावर घे. अन्न विकणार म्हटल्यावर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी लागेलच, ती त्या शेडच्या नावानं कर.

पोरांना चहाचे ट्रे घेऊन पाठवू नकोस. पाहुण्यांना ते गोड वाटतं, बक्षिशी देतात, आणि पोरगं आठ दिवसांत प्रत्येक गाडीकडं त्या नजरेनं बघायला लागतं. आमच्या घरात हे सासऱ्यांनी पहिल्याच महिन्यात बंद केलं आणि त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे.

आणि एक वार. यात्रेच्या आधी गाव वार पाळतं, त्या दिवशी कुणी शेतात औत घालत नाही. तसा आठवड्यातला एक वार कॅम्पलाही लावून घे आणि तो कुणासाठीही मोडू नकोस. बुकिंगच्या वहीत तो वर्षभरासाठी आधीच खोडून टाक. गणपतीचे दिवस, आणि लक्ष्मीची यात्रा भरेल त्या वर्षी तो सगळा आठवडा, तसाच. त्या यात्रेला गावच्या सगळ्या लेकी माहेरी येतात. मी येईन तेव्हा माझ्या झोपायच्या जागेवर कुणा हैदराबादच्या कुटुंबाचं सामान मला नको. घरात सुतक पडलं, कुणी दवाखान्यात गेलं, तर बुकिंग कोण रद्द करणार आणि पैसे किती दिवसांत परत देणार, हेही आत्ताच लिहून ठेव. त्या दिवशी ते सुचत नाही.

लोक रानाच्या ओढीनं येतात, त्यांना ते रान भरपूर सांग. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगवते, हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ आहे, हे ऐकून माणसं एक दिवस जास्त राहतात. पण भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तळेवाडीकडच्या बारापेडे गुहांतली ती दुर्मिळ वटवाघळं दाखवतो, असं कुणाला कबूल करू नकोस. पावसाळ्यात धबधब्यांकडं जायला बंदी असेल तर आडवाटेनं नेऊ नकोस, दुप्पट पैसे देत असले तरी. रात्री दिवे खालच्या तोंडाचे आणि मिणमिणते, स्पीकर नाही, उष्टंखरकटं झाकणाच्या डब्यात. गवे शिवारात उतरतात ते आपल्याला सवयीचं आहे, शहरातला माणूस टॉर्च घेऊन त्यांच्या मागं जातो. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारकडं ऑनलाइन भरायची असते, ते काम सूनबाईच्या गळ्यात न टाकता तू स्वतः कर.

कागदांचं तुला माहीत आहे. कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली बिनशेतीची परवानगी घे, अभयारण्याच्या जवळची जमीन म्हणून वनखात्यातही विचार, आणि अर्ज कन्नडमध्ये स्वतः लिहायला शिक. दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या अर्जात काय आहे हे आपल्याला कळत नाही, आणि कचेरीत आपण मुके होतो.

उताऱ्यावर दादाबरोबर माझंही नाव आहे, म्हणून माझी संमती लागणार आणि ती मागायला तू फोन केलास हेही मला कळलं. तू सरळ विचारलं नाहीस, संकोच वाटला असेल. संकोच करू नकोस. बाबांची जमीन राबती राहावी, तू पुण्याहून परत यावास, हे मला मनापासून हवंय. सही मी देणार.

पण त्याआधी मला एक कागद हवा. स्टँपपेपर नको, वहीचं पान चालेल. त्यावर तुझ्या आईचं काम काय, ती किती वाजता मोकळी होणार, महिन्याला तिच्या स्वतःच्या खात्यावर किती रुपये जमा होणार, हे लिही. सूनबाईचंही तसंच, वेगळ्या ओळीत. तू सांगितलेल्या बेतात ‘जेवणाचं आई बघेल’ एवढं एकच वाक्य तिच्याबद्दल होतं. वहिनीला या घरात येऊन पस्तीसेक वर्षं झाली. भाताची लावणी, दादाची दुखणी, तुझं शिक्षण, माझ्या आईचं म्हातारपण, सगळं तिनं बघितलं आणि त्यातलं एकही तिला विचारून ठरलं नव्हतं. हे तिला विचार. दादा समोर नसताना विचार, आणि ‘बघू’ म्हणाली तर त्याला होकार समजू नकोस.

ती नको म्हणाली, तर जेवण न देता नुसत्या गाड्या उभ्या करायची जागा काढ. पाणी, लाईट, संडास-न्हाणी आणि रात्री राखणीला एक माणूस. पैसे कमी येतील, पण पार्क चालतं. आम्हीही सुरुवातीला तेवढंच केलं होतं.

पान लिहून झालं की त्यावर तिची सही घे आणि ते घेऊन ये. येताना नवा नकाशाही आण, विहीर आणि तिचा उतार दाखवून.

तुझी आत्या