चार वाजताचा फोन

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. व्यसनमुक्ती केंद्रातून डिस्चार्ज मिळून बावीस दिवस झाले, मीटिंगला जातेयस, पण ‘तिथे बोलू कुणाशी?’ असं विचारलंयस. ही मीटिंग भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची, सुरुवातच १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दोन पुरुषांच्या बोलण्यातून झाली. आजही आमच्या खोलीत वीस पुरुष आणि आम्ही तिघी. पण बाईने स्पॉन्सर, म्हणजे हात धरून वाट दाखवणारी जुनी सदस्य, बाईच करावी, हा तिथला जुना संकेत आहे. तो पाळ. नव्या मुलीला ‘चल, घरी सोडतो’ म्हणणारा एखादा भेटतोच. दारू सोडण्याच्या तिथल्या बारा पायऱ्यांनंतरची ही तेरावी पायरी, म्हणून आम्ही हसतो आणि गुपचूप बस पकडतो.

माझी धोक्याची वेळ दुपारी चारची. नवरा कामावर, मुलं क्लासला. पूर्वी या वेळी मी स्टीलच्या पेल्यातून प्यायचे, बघणाऱ्याला पाणी वाटावं म्हणून, आणि वर वेलदोडा चघळायचे. सोडल्यावर चार वाजले की हात त्या पेल्याकडे जायचा. एकदा एका मैत्रिणीला फोन लावला. ‘मेथी आहे घरात? मग स्पीकर लाव आणि निवडत बस,’ म्हणाली. तीही तिकडे कांदे चिरत होती. अर्धा तास आम्ही धड बोललोही नाही. जुडी संपली, तलफ ओसरली होती.

आता माझी चूक सांगते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. आपल्या फॉलोअपला, म्हणजे डिस्चार्जनंतरच्या भेटींना, मात्र बहुतेक वेळा आपणच आपली पर्स सांभाळत बसलेल्या असतो. मग जी पहिली म्हणते, ‘अगं, माझंही अस्संच,’ तिच्या आपण गळ्यातच पडतो. त्या मेथीवालीची आणि माझी अशीच जोडी जमली. दिवसाला आठ फोन, तिसरीला जागाच नाही. तिची स्लिप झाली, म्हणजे ती पुन्हा प्यायली, तेव्हा झाकली मूठ म्हणून मी गप्प राहिले, वर दोन हजार उसने दिले. मग तिला समजवायला एकटीच तिच्या घरी गेले. बाटली समोरच होती. माझे न पिता काढलेले पाच महिने त्या दुपारी गेले.

म्हणून दोघी नको, तिघी व्हा. एकीची स्लिप झाली तर दुसरीने आधी तिसरीला फोन करायचा आणि जायचं ते दोघींनी मिळून. ही चहाडी नव्हे. पैसे द्यायचे नाहीत, रिक्षाने डॉक्टरकडे न्यायचं. रोज भरपूर पिणारीला खोलीत कोंडून एकदम दारू तोडायला लावू नका, फिट येऊ शकते, जिवावरही बेततं. काहीच सुचलं नाही तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

ती मेथीवाली दीड वर्षाने मीटिंगला परत आली. अजून चारला फोन करते, पण आता फोनवर आणखी एक असते, जरा कजाग आहे, आम्हा दोघींना ओरडते.

तुझ्या पत्रात मागच्या खुर्चीवर बसून विणकाम करणाऱ्या, ‘तेच तेच सांगणाऱ्या’ काकू आहेत ना? रविवारी त्यांचा नंबर घे. आणि त्यांची धोक्याची वेळ कोणती, तेवढं विचार.

तुझी,
मावशी