कुत्र्याला सहा महिने फिट आली नाही तर गोळ्या बंद करता येतात का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरला दीड महिन्यात दोनदा फिट आली, डॉक्टरांनी रोज दोन वेळा गोळी सांगितली आणि आता घरात चर्चा चालली आहे की सहा महिने काही झालं नाही तर ती बंद करावी. जाता जाता हेही विचारलंय की फिट येते तेव्हा घरच्यांनी करायचं काय.

पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं पुढे कुठेतरी येईल. आधी मला जरा बोलू द्या, कारण ते 'घरात चर्चा' वाचूनच माझं डोकं फिरलं. आमच्या घरातही चर्चा होती. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा मोठा भाऊ आणि मध्ये ढब्बू, ज्याला कुणी काही विचारलं नाही.

ढब्बू मिश्र जातीचा. आणला तेव्हा अंगाने काटकुळा होता, नाव गमतीने ठेवलेलं. अडीच वर्षांचा असताना पहाटे चारला पहिली फिट आली. मला जाग आली ती टणटण आवाजाने. वाटलं, भांडं चाटतोय. दिवा लावला तर हा कुशीवर आडवा, मान मागे ताणलेली, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे, जबडा चावल्यासारखा हलतोय आणि मागचा पाय पाण्याच्या भांड्यावर आपटतोय. तोंडाला फेस, खाली लघवी. मी काय केलं? जीभ गिळेल म्हणून तोंडात बोटं घातली. तर्जनीवर त्याची खूण अजून आहे. कुत्रा जीभ गिळत नाही, गिळूच शकत नाही. तुमची बोटं मात्र चावतो, आणि ते त्याला कळतही नाही. हे तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहिते, कारण मलाही माहीत होतं.

रक्त तपासलं, साखर, कॅल्शियम, यकृत, सगळं व्यवस्थित. कारण सापडत नाही आणि वय सहा महिने ते सहा वर्षांच्या मधलं आहे, तेव्हा बहुतेक वेळा निदान होतं ते म्हणजे आपोआप उद्भवणारा अपस्मार, कुत्र्यांच्या काही जातींत तो आनुवंशिकही असतो. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिट्स आल्या की औषध सुरू करावं, असं डॉक्टर साधारणपणे मानतात. ढब्बूला महिन्याभरात दुसरी आली आणि फेनोबार्बिटोन सुरू झालं. पहिले दोन आठवडे तो दारुड्यासारखा चालायचा. मग तहान वाढली, लघवी वाढली आणि भूक तर अशी की नाव सार्थ झालं.

आठ महिने एकही फिट नाही. आणि इथून दादा सुरू झाला.

"अगं, तू त्याला गुंगीत ठेवलंयस. कुत्रा राहिला नाही तो, पायपुसणं झालाय. बरा झाला ना आता? कशाला त्याच्या लिव्हरची वाट लावतेस?"

मी म्हणायचे, फिट येत नाही ती गोळीमुळे. तो म्हणायचा, फिट येत नाही म्हणजे रोग गेला. दर रविवारी हेच. दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. ढब्बू त्याच्याच पायाशी झोपतो. पण त्याला आयुष्यभराचं औषध ही कल्पनाच सहन होत नाही, माणसाचं असो की जनावराचं. औषध म्हणजे पाच दिवसांचा कोर्स, संपला की संपला.

त्यात मला ऑफिसच्या कामाने बारा दिवस बाहेरगावी जावं लागलं. दहाच्या तीन पट्ट्या देऊन गेले. सकाळी आठ, रात्री आठ. कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. रोज फोन करायचे, तो रोज "हो गं, दिली" म्हणायचा. बाराव्या दिवशी रात्री नऊला घरी पोचले. ढब्बू दारात उड्या मारत होता. कितीतरी महिन्यांत त्याला असा बघितला नव्हता. दादा म्हणाला, "बघ, किती फ्रेश आहे." मी खूश झाले, आंघोळ केली, झोपले.

एक वीसला तोच आवाज.

या वेळी मी तोंडात हात घातला नाही. फोनवर घड्याळ लावलं. एक मिनिट चाळीस सेकंद. (दादा अजून सांगतो की पंधरा मिनिटं चालली. फिट बघणाऱ्याला मिनिटाची दहा मिनिटं वाटतात, म्हणून घड्याळ लावा.) मग तो उठला आणि घरभर फिरायला लागला. भिंतीशी जायचा, डोकं टेकवून उभा राहायचा, वळायचा, टेबलाच्या पायावर आपटायचा. डोळ्यांना काही दिसत नव्हतं त्याला. मला ओळखलं नाही. पाण्याचं भांडं रिकामं केलं, परत भरलं, परत रिकामं केलं. डॉक्टरांनी आणीबाणीसाठी दिलेलं डायझेपाम, फिट थांबवणारं औषध, मी मागून, गुदद्वारातून दिलं. तीन वाजून पाच मिनिटांनी दुसरी फिट आली. गाडीत तिसरी, माझ्या मांडीवर. त्याचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. दादा गाडी चालवत होता आणि एक शब्द बोलत नव्हता.

दवाखान्यात दोन दिवस राहिला. औषधाची रक्तातली पातळी मोजली. ती साधारण १५ ते ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लागते, आमच्या डॉक्टरांना २५ ते ३० हवी असते. आली ६. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? मी ठामपणे नाही म्हणाले. घरी येऊन पट्ट्या मोजल्या. रोज दोन, बारा दिवस, म्हणजे चोवीस जायला हव्यात आणि सहा उरायला हव्यात. उरल्या होत्या सतरा. दादाने तीन दिवस नीट दिल्या, मग सात दिवस एकेक, शेवटचे दोन दिवस शून्य. स्वतःच सांगितलं. आणि वर म्हणाला, "मला बघायचं होतं काय होतं ते. पण फिट आली तो योगायोग असेल."

योगायोग! तीन वर्षं झाली, तो शब्द माझ्या घशात अडकलाय.

फेनोबार्बिटोन मेंदूतली शांत करणारी यंत्रणा जोरात चालवतं. मेंदूला त्या टेकूची सवय होते. टेकू एकदम काढलात तर मूळ आजार परत येऊ शकतो, शिवाय औषध सुटल्याचा झटकाही बसतो. म्हणून एखादी गोळी विसरली तर लगेच जग बुडत नाही, पण मनाने अर्धी करणं, एक दिवसाआड देणं, "बघूया काय होतं" म्हणणं, हे सगळं आगीशी खेळणं आहे. बंद करण्याचा विचार साधारण एक-दोन वर्षं एकही फिट आली नाही तरच होतो. तेव्हाही डॉक्टर महिन्याला फार तर वीस टक्के कमी करत जातात, आणि कमी करताना फिट परत येण्याचा धोका असतोच. सहा महिने म्हणजे काहीच नाही. तुमच्या घरातल्या चर्चेला हे माझ्या नावाने वाचून दाखवा.

आता फिट आल्यावर काय करायचं. घड्याळ लावा. जिन्याजवळ, पाण्याजवळ किंवा टोकदार वस्तूजवळ असेल तर अंगाखालच्या चादरीने बाजूला ओढा, नाहीतर हलवू नका. दिवा मंद, टीव्ही बंद, मुलं आणि दुसरा कुत्रा खोलीबाहेर. दुसरा कुत्रा असेल तर हे विसरू नका, कधीकधी फिट आलेल्यावर दुसरा तुटून पडतो. तोंडात बोट, चमचा, पाणी, गोळी, काही नाही. घट्ट धरून ठेवू नका, धरल्याने फिट थांबत नाही. कुणी रिकामं असेल तर व्हिडिओ काढा. निर्दयी वाटेल, पण डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो तीस सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगतो. हृदयाच्या दोषाने शुद्ध हरपून पडणं आणि फिट, दोन्ही घाबरलेल्या माणसाला सारखीच दिसतात. पाच मिनिटांपुढे गेली, किंवा चोवीस तासांत दुसरी आली, किंवा मध्ये पूर्ण शुद्धीवर आलाच नाही, तर थेट दवाखाना, रात्र असो की पहाट. शांत झाल्यावर लगेच मिठी मारायला जाऊ नका. त्या गोंधळात जीव लावणारा कुत्राही चावतो. लांबून नावाने बोलत राहा. काही मिनिटांत सावरतो, कधी दिवस जातो.

आणि फिट्सची वही ठेवा. तारीख, वेळ, किती सेकंद, आधी झोपेत होता का. बहुतेक फिट्स झोपेत किंवा आरामात असतानाच येतात, म्हणून "आम्ही त्याला धावडवलं म्हणून आली" हा अपराधीपणा सोडा.

आता दादाच्या बाजूचं, कारण तो हे वाचणार आहे आणि मग रविवारी मला ऐकवणार आहे.

एक, ते डायझेपाम. मी शहाणीने ते आधीच प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरून खिडकीजवळच्या खणात ठेवलं होतं, आयत्या वेळी धावपळ नको म्हणून. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. डायझेपाम प्लास्टिकला धरतं आणि उजेडानेही खराब होतं. म्हणजे दुसरी आणि तिसरी फिट किती दादाची आणि किती माझी, कोण सांगणार? आता आमच्याकडे नाकातून फवारायचं मिडाझोलम आहे. धडपडणाऱ्या कुत्र्याला ते देणंही सोपं पडतं. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा आणि मात्रा त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

दोन, गुंगी. दादा म्हणत होता ते खरं होतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांची गुंगी ओसरायला हवी. ढब्बूची आठ महिन्यांनीही ओसरली नव्हती. सहा महिन्यांनी करायची रक्ततपासणी मी दोनदा पुढे ढकलली होती, फिट येत नाही ना, मग कशाला टोचायचं म्हणून. म्हणजे दादाचंच तर्कशास्त्र, फक्त उलट्या बाजूने. दवाखान्यातून आल्यावर मात्रा नव्याने बसवली, आधीपेक्षा कमी. पातळी आली २६, आणि तो पुन्हा दारात उड्या मारायला लागला. दादाने "कुत्रा झोपाळलाय" म्हणून आपल्या मनाने गोळी काढली, हा गुन्हा. मी "कुत्रा झोपाळलाय" हे ऐकूनच घेतलं नाही, हाही. पण त्याचा मोठा.

तेव्हापासून तीन वर्षांत चार फिट्स, सगळ्या दोन मिनिटांच्या आत. शून्याची अपेक्षा धरू नका. काही कुत्र्यांचं सगळं थांबतं, बऱ्याच जणांचं कमी होतं आणि काहींना एका औषधाने भागतच नाही, पोटॅशियम ब्रोमाइड किंवा लेव्हेटिरासिटम जोडावं लागतं. ब्रोमाइड रक्तात पूर्ण बसायला तीन-चार महिने जातात आणि त्यात खाण्यातलं मीठ कमीजास्त करून चालत नाही. लेव्हेटिरासिटमची सावकाश विरघळणारी गोळी मोडायची किंवा कुटायची नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही, म्हणून यापुढचं डॉक्टरांकडून ऐका.

हे आधी लिहायला हवं होतं, पण वरचं सगळं अशा कुत्र्याबद्दल आहे ज्याचं बाकी सगळं तपासून झालंय. पिल्लाला किंवा सातव्या-आठव्या वर्षी पहिल्यांदा फिट आली तर गोष्ट वेगळी. पिल्लात साखर उतरणं, डिस्टेम्पर हा विषाणूचा रोग, यकृताच्या रक्तवाहिनीचा जन्मजात दोष, म्हाताऱ्यात मेंदूतली गाठ, दूध पाजणाऱ्या मादीत कॅल्शियम कमी पडणं, आणि कुठल्याही वयात विषबाधा. झायलिटॉल नावाची, साखरेऐवजी घालतात ती गोडी कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरवते, आणि ती माणसांच्या काही पातळ औषधांतही असते, म्हणून घरातलं सिरप देऊ नका. पिसवा-गोचिडांसाठी देतात त्या आयसॉक्साझोलिन गटाच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली सूचना काढली होती की काही कुत्र्यांना त्यामुळे झटके येऊ शकतात. तुमच्या लॅबला अशी गोळी देत असाल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारते, दोन्ही फिट्स त्या गोळीनंतर लगेच तर आल्या नव्हत्या ना?

आणि घरात एकापेक्षा जास्त माणसं गोळी देणार असतील तर वारांचे कप्पे असलेला डबा आणा. कप्पा रिकामा असला म्हणजे गोळी कुत्र्याच्या पोटातच गेली असं नाही, सोफ्याखालीही बघा. मी दर शनिवारी डबा भरते आणि पट्टीवर उरलेल्या गोळ्या मोजते. मोजताना दादा समोर बसलेला असतो आणि पेपर वाचत असल्याचं सोंग करतो.