कॅप्सूलची घाई नको, आधी स्टूल टेस्ट आणि नीट केलेली कोलोनोस्कोपी

प्राजक्ता, तुझी पोस्ट दोनदा वाचली. भाऊ ३६ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत, राहायला धायरीला, सहा-सात महिने पोट बिघडलेलं, दिवसातून चार-पाच वेळा पातळ होतं, उजवीकडे खाली दुखतं, वजन ६ किलो उतरलं, हिमोग्लोबिन १०.२, आणि फॅमिली डॉक्टर म्हणतायत आयबीएस आहे (म्हणजे आतड्याला सूज-जखम नसताना पोट बिघडत राहणं), टेन्शनमुळे होतं, पँटोप्राझोल ही अ‍ॅसिडिटीची गोळी चालू ठेवा. तोंडातून केलेल्या एंडोस्कोपीत 'माइल्ड गॅस्ट्रायटिस', सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर. आता एका नातेवाइकांनी गट मायक्रोबायोमचं, म्हणजे आतड्यातल्या जंतूंची यादी काढणारं किट सुचवलंय, दुसऱ्यांनी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला सांगितलीय, आणि तू विचारतेयस की या नवीन तपासण्यांमधली कुठली करून घ्यावी.

मी डॉक्टर नाही. पुण्यातच एका हॉस्पिटलच्या एंडोस्कोपी युनिटला सिस्टर म्हणून माझी जवळजवळ सगळी नोकरी झाली, त्यामुळे जे सांगतेय ते स्कोपच्या शेजारी उभं राहून बघितलेलं आणि युनिटच्या डॉक्टरांकडून शिकलेलं. औषधाचा निर्णय पोटाच्या स्पेशालिस्टचाच.

रात्री झोपेतून उठून जावं लागतं हे तू एका ओळीत सहज लिहून गेलीस, पण मला तीच ओळ सगळ्यात जास्त खटकली. आयबीएसवाला माणूस दिवसभर हैराण असतो पण बहुतेक वेळा रात्री शांत झोपतो. झोपमोड करून जुलाब, आपोआप उतरणारं वजन, आणि पुरुष माणसाचं हिमोग्लोबिन १० वर, या तिन्हींपैकी एक जरी असलं तरी आयबीएस म्हणून थांबायचं नसतं, इथे तर तिन्ही आहेत. बाईचं हिमोग्लोबिन कमी असलं तर पाळीचं कारण तरी असू शकतं, पुरुषाचं कमी झालं म्हणजे बहुतेक वेळा एकतर कुठेतरी रक्त जातंय नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नाहीये, आणि दोन्हीसाठी आतडं बघावंच लागतं.

तू नवीन काय असं विचारलंस म्हणून सांगते, गेल्या काही वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत ज्या तपासणीने सगळ्यात जास्त फरक पाडला ती दिसायला एकदम साधी आहे, डबीभर शौचाचा नमुना. फीकल कॅलप्रोटेक्टिन म्हणतात. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि त्यांच्यातलं हे प्रोटीन शौचात उतरतं, आयबीएसमधे सूजच नसते त्यामुळे आकडा कमी राहतो. साधारण ५० च्या खाली आला तर आतड्याला सूज असण्याची शक्यता फार कमी, २५० च्या वर गेला तर आत नक्की काहीतरी चाललंय, मधला आला तर काही आठवड्यांनी परत करतात. एक लक्षात ठेव, पाठदुखीसाठी वगैरे ब्रुफेन नाहीतर डायक्लोफेनॅक घेत असेल तर त्यानेही आकडा वाढतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी ती गोळी बंद ठेवायची. पुण्यातल्या बहुतेक मोठ्या लॅबमधे होते, आणि कॅप्सूलच्या मानाने खर्च किरकोळ. तुझ्या भावाची लक्षणं बघता कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघणं, चुकेल असं मला वाटत नाही, तरी पहिला आकडा हाताशी असला की पुढे औषध लागू पडतंय का हे दर वेळी स्कोप न घालता कळतं.

त्याच दिवशी रक्तात टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए पण करून घ्या, सीलिअ‍ॅकसाठी, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न चालणारा आजार. आपल्याकडे उत्तरेइतका दिसत नाही पण जुलाब, वजन आणि रक्त कमी हे चित्र त्यातही असतं. फक्त ही टेस्ट होईपर्यंत त्याची पोळी बंद करू नका! लोक आधीच गहू सोडून ज्वारीवर जातात आणि मग टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. (आणि पॉझिटिव्ह आलीच तर फोडणीचा हिंगसुद्धा बघावा लागतो, बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा नाहीतर कणीक असते.)

पाण्याची शंका तू बोलून दाखवलीस ती रास्तच. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) पेशंट निघाले आणि काहींच्या स्टूलमधे कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला, तेव्हापासून तिकडे ही धास्ती आहेच. आता स्टूलची पीसीआर पॅनेल असते, एकाच नमुन्यात बरेच जंतू काही तासांत तपासतात, पूर्वी कल्चरला दिवस जायचे. पण असले जंतू सहा महिने ठाण मांडून वजन उतरवत नाहीत सहसा, त्यामुळे जिअर्डिया-अमीबा हे परजीवी तेवढे बघून घ्या आणि तिथे अडकून पडू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक वेळी जुलाब झाले की केमिस्टकडून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिकचा कोर्स आणून घेतो असं लिहिलंयस ते आधी थांबवा, प्लीज. ऑफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवर अर्धवट काम करतं, पेशंटला चार दिवस बरं वाटतं, आजार दबतो आणि निदान महिनोन्महिने पुढे जातं.

टीबीचं नाव काढल्यावर घाबरू नकोस, पण ते बोलायलाच पाहिजे कारण आपल्या देशात या वयाच्या माणसाचं उजवीकडे खाली दुखत असेल तर दोनच मोठे संशयित असतात, आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (जंतू नसताना आतड्याला सूज आणि अल्सर आणणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार). दोघांची आवडती जागा एकच, लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तो कोपरा. दोघांत जुलाब, वजन कमी, अल्सर, आतडं अरुंद होणं, सगळं सारखं. कॅलप्रोटेक्टिनही दोघांत वाढतं. आणि उपचार मात्र एकदम उलट, क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतात, तेच टीबीवाल्याला दिलं तर टीबी पसरतो. म्हणून खरं कसब या फरकात आहे, आणि म्हणूनच कोलोनोस्कोपी कशी होते हे मशीन किती नवीन आहे त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

आधी प्रेप, म्हणजे आतडं धुऊन साफ करणं. पेगचं, म्हणजे पोट साफ करायच्या औषधाचं पाणी सगळं आदल्या संध्याकाळीच संपवायला सांगितलं तर विचारा की अर्धं संध्याकाळी आणि अर्धं पहाटे चालेल का, आता असंच विभागून देतात आणि आतडं खूपच स्वच्छ निघतं. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाजी, पेरू, बियांचा टोमॅटो, बीट बंद, लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधी बंद. शेवटी लघवीसारखं पिवळं स्वच्छ पाणी जायला लागलं की प्रेप झाली समजायचं. आजकाल स्क्रीनवर एआय पॉलिपभोवती (आतड्यातली छोटी गाठ) हिरवी चौकट दाखवतं, अमेरिकेत २०२१ मधे त्याला मान्यता मिळाली, चांगली सोय आहे आणि कॅन्सरच्या तपासणीत तिचा उपयोग होतो, पण पालकाचं पान चिकटलेल्या आतड्यात एआय तरी काय शोधणार.

मग अपॉइंटमेंटच्या वेळीच डॉक्टरांना म्हणायचं, टर्मिनल आयलियमपर्यंत जाल ना? मोठं आतडं संपतं तिथे एक झडप असते, तिच्यातून स्कोप वळवून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शिरावं लागतं, स्क्रीनवर एकदम चित्र बदलतं, मोठ्या आतड्याची चकचकीत भिंत जाऊन मखमलीसारखं बारीक लव असलेलं दिसायला लागतं. तुझ्या भावाच्या बाबतीत उत्तर तिथेच असण्याची शक्यता आहे. टीबीत बऱ्याचदा अल्सर आडवे, गोल फिरणारे आणि झडप आ वासलेली दिसते, क्रोन्समधे उभे लांब अल्सर आणि मधेमधे निरोगी पट्टे, पण प्रत्येक पेशंट पुस्तकासारखा नसतो म्हणून बायोप्सी.

आणि बायोप्सीबद्दल हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. चिमट्याने तांदळाच्या कणीएवढा तुकडा निघतो, तो सिस्टर बाटलीत टाकते. एक बाटली फॉर्मलिनची, ती पॅथॉलॉजीला जाते. दुसरी बाटली साध्या सलाइनची लागते, तीत चार-पाच तुकडे वेगळे, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी टेस्ट) आणि टीबी कल्चरसाठी, कारण फॉर्मलिनमधे जंतू मरतो, कल्चर होऊच शकत नाही. दुसरीकडे स्कोप झालेला एक कॉलेजचा मुलगा आमच्याकडे आला होता, सगळे तुकडे फॉर्मलिनमधे, रिपोर्टमधे 'ग्रॅन्युलोमा, टीबी की क्रोन्स सांगता येत नाही' (ग्रॅन्युलोमा म्हणजे सुजेच्या पेशींची बारीक गाठ, दोन्ही आजारांत दिसते). परत प्रेप, परत भूल, परत खर्च, आणि त्याची आई बाकावर बसून विचारत होती की हे पहिल्यांदाच का नाही झालं. सलाइनची बाटली काही रुपयांची असते गं. म्हणून आधीच विचारा, टीबीसाठी वेगळी बाटली जाणार ना. सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं तर प्रश्नच मिटला, निगेटिव्ह आलं तर मात्र टीबी नाही असं होत नाही, आतड्याच्या तुकड्यात जंतू फार कमी असतात. त्याच्या जोडीला सीटी नाहीतर एमआर एंटेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा खास स्कॅन, तरुण माणसाला पुढे वारंवार करावं लागणार असेल तर एमआर बरी, त्यात रेडिएशन नसतं. तुझ्याकडे आहे त्या सोनोग्राफीवर विसंबू नका, साध्या पोटाच्या सोनोग्राफीत लिव्हर, पित्ताशय, किडनी बघतात, आतड्याची भिंत मोजायची ती वेगळी तपासणी आणि ती येणारे डॉक्टर वेगळे.

समजा टीबी निघाला, तर सहा महिन्यांची औषधं, महापालिकेच्या दवाखान्यातूनही फुकट मिळतात आणि नि-क्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये आहारासाठी येतात, आधी ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून वाढवले. फरक कळत नसेल तर बरेच डॉक्टर आधी टीबीची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी परत स्कोप करून बघतात, अल्सर भरले तर टीबी, तसेच राहिले तर क्रोन्सकडे वळायचं. बरं वाटतंय एवढ्यावर निर्णय करायचा नसतो, दोन्हीकडे फसगत होते.

क्रोन्स निघाला तरी आज चित्र पूर्वीसारखं नाही हे मला तुला मनापासून सांगायचंय. मी नोकरीला लागले तेव्हा स्टेरॉइड, मग परत स्टेरॉइड, आणि शेवटी आतडं कापायचं, चेहरे सुजलेली तरुण मुलं बघवत नव्हती. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध १९९८ मधे अमेरिकेत क्रोन्ससाठी आलं, आता त्याची भारतात बनलेली बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपन्यांची औषधं) मिळतात म्हणून जरा तरी आवाक्यात आलंय. वेडोलिझुमॅब २०१४ पासून आहे, ते मुख्यतः आतड्यापुरतंच काम करतं. रोजची गोळी म्हणून उपाडासिटिनिबला २०२३ मधे क्रोन्ससाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. (टोफासिटिनिब स्वस्त आहे म्हणून कोणी सुचवलं तर विचारा, ती अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आजाराची गोळी, क्रोन्सची नाही.) आणि ध्येय बदललंय, पूर्वी दुखायचं थांबलं की झालं, आता आतून अल्सर भरले पाहिजेत इथपर्यंत जातात, कॅलप्रोटेक्टिनचा तो पहिला आकडा इथे कामाला येतो. यातलं काहीही सुरू करण्याआधी छातीचा फोटो नाहीतर सीटी, आयजीआरए किंवा माँटू (लपलेल्या टीबीच्या टेस्ट), हिपॅटायटिस बी-सी आणि एचआयव्ही झालंच पाहिजे. इन्फ्लिक्सिमॅब सूज वाढवणाऱ्या ज्या टीएनएफ प्रोटीनला अडवतं तोच टीएनएफ शरीरात झोपलेल्या टीबीला कोंडून ठेवत असतो, कोंडणारा काढून घेतला की तो बाहेर पडतो.

आता कॅप्सूल. २६ मिलिमीटर लांब, ११ जाड, २००१ पासून वापरात, आठ-दहा तास फोटो काढत जाते, आणि दोन्हीकडून स्कोप करूनही रक्त कुठून जातंय ते सापडत नाही तेव्हा तिच्यासारखी तपासणी नाही. पण ती तुकडा घेऊ शकत नाही, म्हणजे टीबी की क्रोन्स हा प्रश्न तसाच राहणार. आणि आतडं कुठे अरुंद झालं असेल तर ती तिथेच अडकू शकते, मग ती काढायला डबल बलून एंटेरोस्कोपी (लहान आतड्यात खोलवर जाणारा स्कोप) नाहीतर ऑपरेशन. तुझ्या भावाला जेवल्यावर पोट फुगून कळ येते आणि मग गुडगुड होऊन मोकळं होतं असं लिहिलंयस, हे अरुंद झालेल्या आतड्याचं लक्षण असू शकतं. त्यामुळे एंटेरोग्राफी झाल्याशिवाय कॅप्सूल अजिबात नको. पुढे लागलीच तर आधी विरघळणारी पेटन्सी कॅप्सूल देऊन रस्ता मोकळा आहे ना हे बघता येतं.

मायक्रोबायोम किटवर पैसे घालू नका. रंगीत रिपोर्ट येतो, पण त्यावरून या भावाला काय औषध द्यायचं हे आज कुठलाही डॉक्टर ठरवू शकत नाही. फॅटी लिव्हर सध्या बाजूला ठेवा, जुलाबाचं कारण ते नाही. पँटोप्राझोल कशासाठी चालू आहे हे मात्र विचारा, आणि एच पायलोरी या जठरातल्या जंतूची टेस्ट गोळी चालू असताना केली असेल तर निगेटिव्ह धरू नका, निदान दोन आठवडे गोळी बंद ठेवून ब्रेथ टेस्ट किंवा स्टूल अँटिजेन करतात.

जाताना आधीच्या स्कोपचे फोटो किंवा सीडी, नुसता टाइप केलेला रिपोर्ट नको, सगळ्या अँटिबायोटिकची नावं आणि तारखा, आणि दर महिन्याचं वजन लिहून न्या. घरात कोणाला टीबी झाला होता का हे आईला आजच विचार, जुन्या लोकांकडून हे डॉक्टरांसमोर निघत नाही. आणि मधल्या काळात कधी पोट फुगून घट्ट झालं, उलट्या सुरू झाल्या आणि गॅसही सरकेना, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रात्र असली तरी सरळ कॅज्युअल्टीत न्यायचं, तोवर तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही.