ज्वारीतला टारफुला उपटूनही दर वर्षी परत येतो, तर काय करावे?

आपण लिहिले आहे की नोकरीमुळे आपण ठाण्यात राहता, लातूर जिल्ह्यातली वडिलोपार्जित जमीन वाटेकऱ्याकडे आहे, आणि तिच्या एका पट्ट्यात खरीप ज्वारी जमिनीत ओल असूनही माना टाकते. ताटांच्या बुडाशी वीत-दीड वीत उंचीचे, पांढऱ्या फुलांचे तण दिसते आणि दिवाळीच्या सुट्टीत ते उपटून टाकले तरी पुढच्या वर्षी अधिकच उगवते. हे वर्णन टारफुल्याचे, म्हणजे ज्वारीच्या मुळांना चिकटून तिच्यावर जगणाऱ्या परजीवी तणाचे आहे. मी ऐरोलीत राहतो, माझे शेत औसा तालुक्यात आहे, आणि मीही तीन वर्षे दिवाळीलाच टारफुला उपटत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दिवाळीपर्यंत फार उशीर झालेला असतो. टारफुल्याची फुले खालून वर उमलत जातात. शेंड्याला फूल दिसते तेव्हा खालची बोंडे पिकत आलेली असतात. असे एक वाळके झाड मी कागदात गुंडाळून घरी आणले आणि ऐरोलीच्या गॅलरीत काळ्या कागदावर हलकेच झटकले. तपकिरी, तपकिरीसारखीच बारीक धूळ पडली. भिंगातून पाहिल्यावर त्या धुळीचा प्रत्येक कण म्हणजे एक बी असल्याचे दिसले. हे बी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते, एका झाडाला 50,000 किंवा त्याहून अधिक बिया येऊ शकतात, आणि जमिनीत त्या 10 ते 15 वर्षे जिवंत राहू शकतात. म्हणजे आपण दिवाळीला झाड उपटून बांधावर नेताना वाटेत पेरणीच करत जातो.

हे बी केवळ पावसाने उगवत नाही. आठ-पंधरा दिवस ओल आणि ऊब मिळाल्यावर ते तयार होते, पण रुजते ते ठरावीक पिकांच्या मुळांतून पाझरणारे द्रव्य पोहोचले तरच. अशा द्रव्यांपैकी स्ट्रायगोल हे पहिले द्रव्य 1966 मध्ये शोधले गेले, आणि तेही कपाशीच्या मुळांतून, जिच्यावर टारफुला जगूच शकत नाही. मुळे ही द्रव्ये का सोडतात, याचा उलगडा 2005 मध्ये जपानी संशोधकांनी केला: जमिनीतून स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणाऱ्या उपयुक्त बुरशीला ती साद असते. स्फुरद आणि नत्र कमी पडले की ज्वारी ही साद अधिक घालते आणि टारफुला नेमकी तीच ऐकतो. म्हणूनच तो हलक्या, उपाशी रानात जास्त माजतो. आपला तो पट्टाही मुरमाड किंवा वर्षानुवर्षे शेणखत न मिळालेला असावा, असा माझा अंदाज आहे.

वाटेकऱ्याला हे पटवण्यासाठी मी एक ताट खुरप्याने ढेकळासकट काढले आणि बादलीत हलवून धुतले. ज्वारीच्या मुळाला टारफुल्याचे पांढरे कोंब गाठीसारखे चिकटलेले होते आणि वर जमिनीवर तेव्हा एकही पान आलेले नव्हते. पिकाचे बरेच नुकसान याच काळात होते. त्यामुळे उपटण्याने चालू हंगामाची ज्वारी फारशी सावरत नाही. ते काम पुढच्या वर्षांसाठी करायचे असते.

तेव्हा सर्वांत आधी त्या पट्ट्यात ज्वारी आणि बाजरी दोन्ही थांबवा, कारण टारफुला दोन्हींवर जगतो. मका आणि ऊसही त्याला चालतात. तिथे निदान दोन-तीन वर्षे कपाशी, सोयाबीन किंवा भुईमूग घ्या. कपाशीच्या मुळांच्या सादेने बी फसून रुजते आणि आधार न मिळाल्याने मरते. यालाच सापळा पीक म्हणतात. मात्र एका वर्षात जमीन स्वच्छ होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. नंतर ज्वारी घ्याल तेव्हा शेणखत चांगले कुजलेले घाला, आणि माती परीक्षण करून नत्र-स्फुरदाची मात्रा पूर्ण द्या. बीच रुजू न देणारे वाणही आहेत; ज्वारीच्या अशा प्रतिकारक्षम वाणांवरील कामासाठी इथिओपियात जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांना 2009 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या भागासाठी कोणता वाण शिफारशीत आहे, हे परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारा.

टू-फोर-डी या तणनाशकाने उगवलेला टारफुला मरतो, पण ज्वारीत तुरीचे आंतरपीक असेल किंवा शेजारी कपाशी असेल तर ते कृपया वापरू नका. त्याचा नुसता तुषार गेला तरी कपाशीची पाने आक्रसतात, आणि शेजाऱ्याशी त्यावरून निर्माण झालेला कडवटपणा पिकापेक्षा जास्त काळ टिकतो.

गावी जाण्याचे दिवसही बदला. टारफुला पेरणीनंतर साधारण महिना-दीड महिन्याने वर येतो आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांत फुलू लागतो. म्हणून ज्वारी असेल त्या वर्षी पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत दर पंधरवड्याला त्या पट्ट्यातून एक फेरी झालीच पाहिजे. आपल्याला गणपतीत एकदा जाता येईल. बाकीच्या फेऱ्यांची मजुरी वाट्यातून न कापता आपण स्वतः द्या, कारण वाटेकऱ्याला त्या कामाचे फळ त्याच वर्षी दिसत नाही. फूल येण्याआधी उपटलेली झाडे शेतात राहिली तरी चालतील, पण फुलावर आलेली गोणीत भरून जाळा. त्या पट्ट्यातला कडबा गुरांना घालू नका, कारण हे बी जनावराच्या पोटातूनही जिवंत बाहेर पडते आणि शेणखताबरोबर चांगल्या रानात पोहोचते. कुळव आणि पाभर ही अवजारेही त्या पट्ट्यात सर्वांत शेवटी घाला, आणि बाहेर काढताना फासाची माती तिथेच खरवडून टाका.